फॅट मोजता, तसं फॅटबरोबर जाणारं जीवनसत्त्वही मोजा

प्रति,
मा. अध्यक्ष, उपाध्यक्ष आणि सर्व संचालक,
महाराष्ट्रातील सहकारी दूध संघ

सप्रेम नमस्कार.

दूध संघाच्या प्रयोगशाळेत उमेदीची सगळी वर्षं काढलेला एक निवृत्त केमिस्ट हे पत्र लिहितो आहे. मी सभासदही आहे. दारात दोन म्हशी आहेत आणि दहा दिवसांच्या बिलाची वाट बाकीच्यांसारखीच मीही बघतो. तरी हे पत्र दराबद्दल नाही. दराबद्दल बोलणारे पुष्कळ आहेत आणि त्यांचं म्हणणं बरोबरच आहे. मला बोलायचंय ते फॅटबद्दल, आणि त्या फॅटबरोबर गावातून आणखी काय निघून जातं त्याबद्दल.

आपल्या धंद्याचा सगळा हिशेब फॅटवर चालतो. गायीला 3.5-8.5, म्हशीला 6-9 (पहिला आकडा फॅटचा, दुसरा फॅट सोडून उरलेल्या घन पदार्थांचा), त्याच्या खाली आलं की पॉइंटमागं कपात. सकाळी सहाला कुठल्याही संकलन केंद्रावर जाऊन उभं राहा. सचिव कॅनमधलं दूध ढवळून सॅम्पल काढतो, मशिनला लावतो, आकडा उमटतो, चिठ्ठी बाहेर येते आणि लगेच कुणीतरी विचारतंच, "काल 3.8 होती, आज 3.4 कशी?" एका दशांशावरून भांडणारी माणसं आपण. पण त्याच फॅटमध्ये अ जीवनसत्त्व विरघळलेलं असतं. प्लँटमध्ये सेपरेटरच्या एका नळीतून क्रीम आणि दुसरीतून निळसर, पातळ स्किम, म्हणजे फॅट काढलेलं दूध, निघतं, तेव्हा ते जवळजवळ सगळं क्रीमबरोबर जातं. त्याची चिठ्ठी कुठल्याच मशिनमधून निघत नाही.

हे जीवनसत्त्व कमी पडलं तर काय होतं, ते आधी सांगतो. अंधुक उजेडात दिसण्यासाठी डोळ्याच्या पडद्यात जे रंगद्रव्य लागतं, ते यापासून तयार होतं. साठा संपत आला की दिवेलागणीच्या वेळी पोर उंबऱ्याला अडखळायला लागतं. याला आपण रातांधळेपणा म्हणतो. पुढं डोळ्याचा पांढरा भाग कोरडा पडतो, त्यावर करडे, फेसाळ ठिपके येतात. बितो नावाच्या फ्रेंच डॉक्टरनं 1863 मध्ये त्यांचं वर्णन केलं, म्हणून डॉक्टर मंडळी त्यांना 'बिटॉट स्पॉट' म्हणतात. तरीही दुर्लक्ष झालं तर बुबुळावरचा पारदर्शक पडदा मऊ पडून फाटतो. ती नजर मग कुठल्याही औषधानं परत येत नाही.

पण डोळा हा फक्त दिसणारा भाग. श्वासनलिकेचं आणि आतड्याचं अस्तर धड राहायलाही हेच जीवनसत्त्व लागतं. ते नसेल तर साधा गोवर, साधे जुलाब पोराला पेलवत नाहीत. अल्फ्रेड सॉमर या अमेरिकन नेत्रतज्ज्ञाला इंडोनेशियात काम करताना दिसलं, की नुसता सौम्य रातांधळेपणा असलेली मुलंसुद्धा इतरांपेक्षा जास्त प्रमाणात दगावताहेत. मग सुमात्रा बेटाच्या टोकाला आचे प्रांतातली 450 गावं निवडून त्यांच्या पथकानं निम्म्या गावांतल्या मुलांना दर सहा महिन्यांनी अ जीवनसत्त्वाचा मोठा डोस दिला. 1986 मध्ये निष्कर्ष छापून आला: डोस मिळालेल्या गावांत बालमृत्यू 34 टक्क्यांनी कमी. नेत्रतज्ज्ञाच्या हाती बालमृत्यूचं कारण लागलं, आणि बालरोगतज्ज्ञांना ते पटायला बरीच वर्षं गेली!

जागतिक आरोग्य संघटनेनं 1995 ते 2005 या काळातल्या पाहण्यांवरून जो अंदाज काढला, त्यात शाळेआधीच्या वयाची 19 कोटी मुलं या कमतरतेत होती आणि 52 लाख रातांधळी. दरवर्षी अडीच ते पाच लाख मुलं यापायी आंधळी होतात आणि त्यातली निम्मी वर्षाच्या आत मरतात, असंही संघटना सांगत आली आहे. 2013 पर्यंतच्या आकडेवारीचा नंतर अभ्यास झाला, त्यात सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेत 48 टक्के आणि दक्षिण आशियात 44 टक्के मुलं कमतरतेची निघाली. आफ्रिकेचं समजू शकतो, तिथल्या कित्येक भागांत गाय म्हणजे चैन. दक्षिण आशियात आपण येतो. जगात सगळ्यात जास्त दूध आपल्या देशात निघतं. 2023-24 मध्ये माणशी रोजचं सरासरी दूध 471 ग्रॅम होतं, असं सरकार सांगतं. आणि 2016-18 च्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात एक ते चार वर्षांच्या मुलांत साधारण 18 टक्के, पाच ते नऊ वर्षांच्या मुलांत 22 टक्के मुलांच्या रक्तात अ जीवनसत्त्व कमी आढळलं. आंधळं करणारा टोकाचा आजार आता क्वचित दिसतो, हे खरं आणि आनंदाचं आहे. पण दुधाच्या देशात दर पाचेक मुलांमागं एकाचा साठा रिकामा असावा, हे आपल्या धंद्यातल्या माणसाला तरी खटकायला हवं.

असं आधी एका देशात घडून गेलंय. ते नीट सांगतो, कारण तो देश सहकारी दूध धंद्याचं माहेरघर आहे.

डेन्मार्कमध्ये 1882 साली ह्येडिंग नावाच्या खेड्यात शेतकऱ्यांनी पहिली सहकारी डेअरी काढली. त्याच्या चारच वर्षं आधी स्वीडनच्या दे लाव्हाल यांनी फिरत्या सेपरेटरचं पेटंट घेतलं होतं. या दोन गोष्टींनी डेन्मार्क पालटला. गावोगाव डेअऱ्या, दूध डेअरीला, लोणी इंग्लंडला. उरलेलं स्किम शेतकऱ्याला परत, ते डुकरांना, आणि डुकरांचं बेकनही इंग्लंडला. आपण सहकाराच्या भाषणांत कौतुकानं सांगतो तो हाच डेन्मार्क. पण लोणी निर्यातीला गेलं तसं गरिबाच्या पावावर वनस्पती तेलाचं मार्गारिन आलं, आणि डुकरांच्या वाटचं स्किम लेकरांच्याही पेल्यात आलं. कोपनहेगनच्या सरकारी रुग्णालयात कार्ल ब्लॉक नावाचे बालरोगतज्ज्ञ होते. त्यांच्याकडं कोरड्या, फुटत आलेल्या डोळ्यांची मुलं यायला लागली. बरीचशी खेड्यापाड्यांतली, गरीब घरची. म्हणजे जिथं दूध निघत होतं, तिथलीच. पूर्ण फॅटचं दूध आणि कॉड माशाच्या यकृताचं तेल दिलं की, डोळा शाबूत असेल तर, मुलं सुधारत.

पुढचा भाग तर कुठल्या शास्त्रज्ञानं मुद्दाम आखला नव्हता. पहिल्या महायुद्धात पाणबुड्यांमुळं समुद्र बंद झाला. मार्गारिनसाठी लागणारं तेल येईना आणि लोणी बाहेर जाईना. 1917 च्या डिसेंबरात सरकारनं लोण्याचं रेशनिंग केलं: परवडेल अशा भावात माणशी आठवड्याला पाव किलो, गरीब असो की श्रीमंत. 1918 मध्ये डोळ्यांचा तो आजार जवळपास नाहीसा झाला. रेशनिंग उठलं, निर्यात सुरू झाली, आणि ब्लॉक यांच्याकडं पुन्हा तशी मुलं दिसू लागली. लोण्याच्या चरबीत वाढीला लागणारा काहीतरी घटक आहे, हे अमेरिकेच्या विस्कॉन्सिन विद्यापीठात मॅकॉलम आणि मार्गरीट डेव्हिस यांनी उंदरांवर प्रयोग करून 1913 मध्येच दाखवलं होतं. विस्कॉन्सिनही दुधाचंच राज्य, ही आणखी एक गंमत.

आता आपल्या गावात या. पहाटे धार काढणारी बाई किटली भरून केंद्रावर नेते. तिच्या घरात कर्ज आहे, पेंडीचं पोतं उधारीवर आलंय, लिटरमागं मिळणारे पैसे पशुखाद्यातच जातात. जितकं दूध घालाल तितकं बिल, म्हणून घरात ठेवायचं ते चहापुरतं. कित्येक घरी तेही नाही. दोन वर्षांचं पोर कोऱ्या चहात बिस्किट किंवा टोस्ट बुडवून खातं, आणि त्याच्या डोळ्यांसमोर किटली रिकामी होऊन येते. त्या बाईला दोष देणारा माणूस मी नाही. तिनं दूध ठेवून घेतलं तर तिचं बिल कमी होतं, हा हिशेब आपण घालून दिलेला आहे. डेन्मार्कमध्ये निदान स्किम तरी परत मिळायचं.

बल्क कूलरमधून टँकर भरून ते दूध प्लँटला येतं आणि आपण त्याचं टोन्ड करतो, फॅट 3. डबल टोन्ड करतो, फॅट 1.5. काढलेल्या फॅटचं तूप, लोणी, श्रीखंड. धंदा म्हणून यात वावगं काही नाही, मीही वर्षानुवर्षं स्टँडर्डायझेशनचं, म्हणजे फॅट ठरावीक आकड्यावर आणण्याचं, गणित करून सह्या केल्यात. पण शहरातलं हातावर पोट असलेलं घर कुठली पिशवी घेतं? सगळ्यात स्वस्त. म्हणजे ज्या पोराला फॅटमधल्या जीवनसत्त्वाची सगळ्यात जास्त गरज, त्याच्या वाट्याला ते सगळ्यात कमी. 2022 च्या अखेरीला मुंबईत गोवंडीकडं गोवराची साथ आली तेव्हा महापालिकेला लसीबरोबर अ जीवनसत्त्वाचे डोसही द्यावे लागले, ते याच वस्त्यांमधून.

काढलेलं जीवनसत्त्व परत घालता येतं, हे तुम्हाला मी सांगायला नको. अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे 2018 चे नियम आहेत: लिटरला 270 ते 450 मायक्रोग्रॅम अ जीवनसत्त्व, बरोबर ड. पिशवीवर निळं 'प्लस एफ'चं चिन्ह. राष्ट्रीय दुग्ध विकास मंडळानं त्यासाठी संघांना मदतही केली. काही संघांनी केलंय, त्यांना मनापासून धन्यवाद. काहींनी सुरू करून निधी संपल्यावर बंद केलंय आणि बरेच जण सक्ती होईपर्यंत थांबलेत. खर्च लिटरमागं काही पैशांचा. पिशवीवर छापायच्या शाईवरून आपण याहून जास्त वेळ चर्चा केलेली मी पाहिली आहे.

सक्तीचंच म्हणाल तर डालड्याचं उदाहरण घ्या. वनस्पती तुपात अ जीवनसत्त्व घालणं या देशात 1953 पासून सक्तीचं आहे. कारखान्यात बनणाऱ्या तुपाला जे सत्तर वर्षांपूर्वी लागू झालं, ते खऱ्या दुधाला अजून ऐच्छिक. आणि तुमच्याच पशुखाद्य कारखान्यातून निघणारं पोतं उलटून बघा. त्यावर अ जीवनसत्त्व किती घातलंय ते छापलेलं असतं, घालावंच लागतं, नाहीतर वासरं कमजोर होतात, प्रसंगी आंधळी जन्मतात. गाभण गायीची काळजी आपण पोत्यावर छापतो.

काहींची हरकत मला माहीत आहे आणि ती पोरकट नाही. सरकार 1970 पासून मुलांना अ जीवनसत्त्वाचा डोस देतं: नवव्या महिन्यात गोवर-रुबेलाच्या लसीबरोबर एक लाख युनिट, मग पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी दोन लाख. तेलातही घालतात. त्यात दुधाची भर पडली तर जास्त होईल का? अ जीवनसत्त्व लघवीवाटे निघून जाणाऱ्यातलं नाही, ते यकृतात साठतं आणि अति झालं तर अपाय करतं. देशातल्या काही नामवंत पोषणतज्ज्ञांनी हाच मुद्दा मांडलाय, आणि सरसकट डोसाचा फायदा पूर्वी वाटला तितका आता राहिलेला नाही असंही त्यांचं म्हणणं आहे. उत्तर प्रदेशात दहा लाख मुलांवर झालेल्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष 2013 मध्ये आले, त्यात बालमृत्यूंतली घट जेमतेम 4 टक्के दिसली. आचेचे 34 टक्के आणि हे 4 टक्के, दोन्ही मान्य करूनच पुढं जावं लागेल. माझं मत विचाराल तर, सहा महिन्यांतून एकदा चमच्यानं मोठा डोस पाजण्यापेक्षा रोजच्या घासातून थोडं थोडं जाणं केव्हाही बरं. दुधात आपण घालतो ते मुळात त्यात होतं तितकंच, किंवा किंचित कमीजास्त. ते औषध नव्हे, घेतलेलं परत करणं आहे. मात्र मोजून.

आणि मोजण्यातच आपण कच्चे आहोत. हे जीवनसत्त्व मिल्कोटेस्टरवर, म्हणजे फॅटच्या मशिनवर, दिसत नाही; त्याला एचपीएलसी हे घटक वेगळे करून मोजणारं प्रयोगशाळेतलं यंत्र लागतं. प्लँटमध्ये प्रीमिक्स (जीवनसत्त्वांचं तयार मिश्रण) टाकल्याची नोंद रजिस्टरला केली की काम झालं, असं होत नाही. प्रकाशानं ते नासतं. पारदर्शक पिशव्यांचा क्रेट दुकानाबाहेर सकाळच्या उन्हात दोन तास पडला की छापलेला आकडा आणि आतला आकडा यांचा संबंध सुटत जातो. म्हणून सॅम्पल प्लँटच्या टाकीतून घेऊ नका, शेवटच्या टपरीवरून घ्या. बाहेरच्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवा आणि निकाल वार्षिक अहवालात छापा, नफा-तोटा पत्रकाशेजारी.

चाऱ्याचा मुद्दाही यातच येतो. हिरवा चारा नसेल तर जनावराच्या दुधातही अ जीवनसत्त्व कमी उतरतं. दुष्काळात छावणीतलं जनावर उसाच्या वाढ्यावर आणि कडब्यावर निघतं, तेव्हा फॅट मशिनवर ठीक दिसते आणि आतलं जीवनसत्त्व घसरलेलं असतं. लसूणघासाच्या बियाण्यावर दिलेलं अनुदान म्हणून फक्त दुधाच्या उत्पादनात मोजू नका. (जाता जाता: म्हशीचं दूध पांढरंशुभ्र असतं म्हणून त्यात हे जीवनसत्त्व नाही, हा समज खोटा. चाऱ्यातल्या ज्या पिवळ्या द्रव्याचं अंगात अ जीवनसत्त्व बनतं, ते कॅरोटिन गायीच्या दुधात थोडं तसंच उतरतं, म्हणून ते पिवळसर. म्हैस कॅरोटिनचं आधीच अ जीवनसत्त्व करून ठेवते.)

पण फोर्टिफिकेशन, म्हणजे दुधात जीवनसत्त्व परत घालणं, एवढं करून संघ मोकळा झाला, असं मी मानणार नाही. त्याचा फायदा पिशवी विकत घेणाऱ्या घराला. ज्याच्या गोठ्यातून दूध निघालं त्याच्या पोराला त्यातलं काहीच नाही, कारण तो पिशवी घेत नाही. म्हणून माझी मुख्य मागणी वेगळी आहे. गावच्या संस्थेत संध्याकाळचं संकलन होतं, आणि दोनशे पावलांवर अंगणवाडी असते. त्या अंगणवाडीतल्या मुलांपुरतं पूर्ण फॅटचं दूध टँकर भरण्याआधी गावातच ठेवा. सकाळी उकळून, मुलामागं 200 मिली. त्याचे पैसे उत्पादकाला नेहमीच्या दरानं मिळाले पाहिजेत, त्याच्या बिलातून एक रुपया कापता कामा नये. संघाच्या धर्मादाय आणि कल्याण निधीतून हे होईल, आणि जिल्हा परिषदेनं अर्धा भार उचलावा म्हणून तुम्ही शब्द टाकलात तर तो वाया जाईल असं मला वाटत नाही. तुमच्यापैकी निम्मे जण तिथूनच संघात आलात.

200 मिली दुधानं तीन वर्षांखालच्या मुलाची अ जीवनसत्त्वाची रोजची गरज साधारण पावभर भागते. बाकीची अंडं, पपई, आंबा, शेवग्याच्या पाल्यानं भागवायची. आणि पाल्याला तेलाची फोडणी हवीच, नाहीतर त्यातलं कॅरोटिन अंगी लागत नाही. आदिवासी भागात अमृत आहार योजनेतून मुलांना अंडी मिळतात, ते योग्यच आहे. शाळेच्या पोषण आहारातल्या अंड्यासाठी दिलेला निधी मात्र राज्य सरकारनं जानेवारी 2025 मध्ये काढून घेतला. त्याबद्दल सरकारला वेगळं पत्र लिहावं लागेल, पण ती जागा थोडी तरी भरून काढण्याची ताकद तुमच्यात आहे.

भुकटीबद्दल एकच सांगतो. दूध जास्त झालं की आपण स्किमची भुकटी करतो आणि साठा पडून राहिला की ती कुपोषित मुलांना वाटा असा प्रस्ताव सरकारकडं जातो. 1960 च्या दशकात अमेरिकेतून मदत म्हणून येणाऱ्या फॅटविरहित भुकटीबाबत हाच प्रश्न जगभर उभा राहिला होता. नुसती प्रथिनं मिळाली की मूल वाढायला लागतं आणि वाढताना यकृतातला उरलासुरला साठाही वापरून टाकतं. त्यानंतरच त्या भुकटीत अ जीवनसत्त्व घालून पाठवायला सुरुवात झाली. माझ्या पिढीनं शाळेत अमेरिकन पावडरचं दूध प्यायलंय. आपण आपल्याच मुलांना भुकटी देणार असू तर ती जीवनसत्त्व न घालता गोदामाबाहेर पडू नये.

सप्टेंबरअखेर तुमच्या वार्षिक सर्वसाधारण सभा आहेत. विषयपत्रिका अजून छापायच्या आहेत. टोन्ड आणि डबल टोन्डमध्ये अ जीवनसत्त्व घालणं आणि टपरीवरचं सॅम्पल तपासणं हा एक ठराव, आणि प्राथमिक संस्थेच्या गावातल्या अंगणवाडीला 200 मिली दूध हा दुसरा, असे दोन विषय त्यात घ्यावेत ही विनंती. घेतले नाहीत तर 'अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय' यात मी ते मांडणार आहे, आणि तेव्हा माझ्या हातात तुमच्याच पशुखाद्याचं रिकामं पोतं असेल.

आपला,
एक निवृत्त केमिस्ट आणि दूध उत्पादक सभासद